राखेतला समुद्र : गुणाढ्याची दंतकथा आणि हारूनची कादंबरी

सलमान रश्दी यांची 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली अद्भुत कादंबरी १९९० साली प्रसिद्ध झाली. नाव वाचताच आपल्याकडच्या वाचकाला सोमदेवाचा 'कथासरित्सागर' आठवतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये रश्दी यांच्याविरुद्ध फतवा निघाला आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. त्या काळात त्यांनी ही कादंबरी आपल्या मुलासाठी लिहिली. अर्पणपत्रिकेतल्या ओळींची आद्याक्षरे जुळवली की त्या मुलाचे नाव तयार होते. साहजिकच कादंबरीचे बहुतेक वाचन 'लेखकाचे स्वातंत्र्य विरुद्ध त्याचे तोंड बंद करणारे' याच चौकटीत झाले. ते वाचन चुकीचे नाही. परंतु मराठी बाजूने ही कादंबरी वाचू लागलो की एक वेगळाच प्रश्न समोर येतो. शीर्षकातल्या समुद्राचा उगम परंपरा पैठणला दाखवते, आणि त्या उगमाच्या कथेत समुद्राचा बराचसा भाग जळून राख झालेला आहे. कादंबरीने समुद्र घेतला, राख घेतली नाही. या निवडीमुळे काय मिळाले आणि काय सुटले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी संस्कृतचा रीतसर विद्यार्थी नाही. 'कथासरित्सागर' मी ह. अ. भावे यांच्या मराठी अनुवादातून आणि टॉनी यांच्या इंग्रजी भाषांतराच्या पेंझर यांनी संपादित केलेल्या दहा खंडांतून (१९२४–२८) वाचला. पुढचे विवेचन त्या वाचनावर आणि आमच्या तळा परिसरात जे पाहायला-ऐकायला मिळते त्यावर आधारलेले आहे.

समुद्र आणि नळ

कादंबरीची कथा थोडक्यात अशी. स्वतःचे नाव विसरून गेलेल्या एका दुःखी शहरात रशीद खलिफा हा गोष्टी सांगणारा राहतो. सभेला गर्दी जमावी म्हणून पुढारी त्याला भाड्याने बोलावतात. शेजारी सेनगुप्ता हा रुक्ष कारकून. जी गोष्ट खरीच नाही तिचा उपयोग काय, असा त्याचा सवाल. रशीदची बायको सोराया त्याच्याबरोबर निघून जाते. रागाच्या भरात हारूनच्या तोंडून बापाला हाच सवाल जातो आणि त्या क्षणापासून रशीदची वाचा जाते. तो तोंड उघडतो, पण गोष्ट येत नाही.

मग कळते की रशीदला गोष्टींचे पाणी एका अदृश्य नळातून मिळत होते आणि इफ्फ नावाचा पाण्याचा जिन हा नळ तोडायला आलेला आहे. त्याच्याबरोबर हारून 'कहानी' नावाच्या अदृश्य चंद्रावर जातो. तिथे गोष्टींचा समुद्र आहे. एका बाजूला अखंड उजेडातला बोलघेवडा गुप देश, दुसऱ्या बाजूला अखंड अंधारातला चुप देश. चुपचा सत्ताधीश खत्तमशुद समुद्रात विष कालवतो आहे आणि तळाशी असलेला गोष्टींचा मूळ झरा बुजवण्याच्या तयारीत आहे. प्रत्येक गोष्टीच्या आत एक जग असते आणि त्या जगावर आपली सत्ता चालत नाही, हे त्याचे दुखणे. शेवटी हारून मनापासून इच्छा करून चंद्रच फिरवतो, चुपवर सूर्य उगवतो आणि अंधाराच्या बळावर उभे असलेले सगळे वितळून जाते.

या कादंबरीतली दोन निरीक्षणे फार मोलाची आहेत आणि कौतुकाच्या गर्दीत ती मागे पडतात. पहिले असे की, समुद्रातला सर्वांत जुना भाग, जिथे मूळ झरा आहे, तिकडे गुपच्या लोकांनी कित्येक दिवसांत पाहिलेलेच नसते. जुन्या गोष्टी कोणाला नको असतात, म्हणून विष तिथून पसरू लागले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरे त्याहून बोचरे. चुपवरचा अंधार निसर्गाने दिलेला नाही. गुपमधल्या विद्वानांनी चंद्राची गती अशी बांधून ठेवली की उजेड कायम आपल्याकडे राहावा. गप्प बसलेल्यांच्या वाट्याचा अंधार बोलणाऱ्यांनी तयार केलेला आहे. कादंबरी हे सांगते, पण तिथे थांबत नाही. शत्रू एकच आणि तो पलीकडे, या मांडणीकडे ती लगेच वळते.

पैठणच्या राजाची लाज

आता मूळ दंतकथा. 'कथासरित्सागर' अकराव्या शतकात काश्मीरमध्ये लिहिला गेला. त्याचे १८ लंबक, १२४ तरंग आणि २१ हजारांहून अधिक श्लोक आहेत. सोमदेवाने तो अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी रचला. राजघराण्यात बाप-लेकाचे वैर पेटलेले होते. १०८१ साली अनंताने आत्मघात केला आणि सूर्यवती सती गेली. म्हणजे समुद्राची ही दोन्ही पुस्तके संकटात सापडलेल्या एकेका माणसासाठी लिहिली गेली, एक राणीसाठी आणि एक मुलासाठी. रश्दी यांच्या कादंबरीतले 'डल' सरोवर काश्मीरचे आहे, हेही या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे.

सोमदेव पहिल्याच लंबकात सांगतो की आपला ग्रंथ हे गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चे सार आहे. शंकराने पार्वतीला एकांतात सांगितलेली कथा पुष्पदंत नावाच्या गणाने चोरून ऐकली. त्याला शाप मिळाला आणि त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही मिळाला. हा माल्यवान पृथ्वीवर प्रतिष्ठान म्हणजे पैठणच्या प्रदेशात गुणाढ्य म्हणून जन्मला आणि सातवाहन राजाचा मंत्री झाला.

एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करत होता. पाणी अंगावर येऊ लागले तशी एक राणी संस्कृतात 'मोदकैः' असे काही म्हणाली. संधी सोडवली तर अर्थ होतो 'मला पाण्याने मारू नका'. राजाला संधी कळला नाही. त्याने मोदक मागवले. राणी हसली. राजा इतका खजील झाला की अंथरूण धरून मुका बसला. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने कार्तिकेयाच्या कृपेने मिळालेल्या 'कातंत्र' या सोप्या व्याकरणाच्या जोरावर पैज जिंकली. गुणाढ्य मौन धरून विंध्याच्या रानात गेला.

माणसांच्या तिन्ही भाषा गेल्या होत्या. रानात त्याला पिशाच्चांची चौथी भाषा कानावर पडली, ती त्याने शिकून घेतली आणि मौन सोडले. काणभूती नावाच्या पिशाच्चाकडून ती दिव्य कथा ऐकून त्याने सात वर्षांत सात लाख श्लोक लिहिले. रानात शाई नव्हती, म्हणून रक्ताने लिहिले. शिष्यांच्या हाती ग्रंथ सातवाहनाकडे पाठवला. राजाने तो झिडकारला. कारणे तीन होती : ग्रंथ फार मोठा, भाषा पैशाची आणि शाई रक्ताची.

या प्रसंगात माझ्या मते कथेचा सगळा दंश आहे. नकार देणारा राजा कोण? ज्याला स्वतःला संस्कृत येत नाही म्हणून राणीसमोर लाज वाटली होती, तोच. वरच्या भाषेने त्याला खजील केले. सहा महिन्यांत ती भाषा मिळवल्यावर त्याने काय केले, तर खालच्या भाषेला खजील केले. संस्कृत प्राकृताला हसते, प्राकृत बोलणारा पैशाचीला हसतो. ही अपमानाची उतरंड आहे. गुणाढ्याचा ग्रंथ कोणा क्रूर दुष्टाने नष्ट केला नाही. नुकताच शिकलेल्या, चांगले वाचण्याची इच्छा असलेल्या एका माणसाने तो नाकारला. खत्तमशुदाला ओळखणे सोपे असते. सातवाहन मात्र आपल्यातच बसलेला असतो.

दगडावरची प्राकृत

दंतकथेतली ही लाज सातवाहनांच्या काळातली म्हणावी की नंतरच्या दरबारांनी त्यांच्यावर लादलेली? याचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. तळ्याजवळ, राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाला मांदाडपाशी कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तिथले शिलालेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली वाचून छापले. लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. त्यांत महाभोज मांदव स्कंदपालित याच्या पदरी असलेला लेखक शिवभूती आपल्या पत्नीसह, नंदेसह, लेणे दान देतो. इथे 'लेखक' म्हणजे कारभारातला लिहिणारा माणूस, कादंबरीकार नव्हे. ऋषिरक्षित वैद्याचा मुलगा सोमदेव, तोही वैद्यच, मुलामुलींची नावे घालून दान नोंदवतो. कथासरित्सागरकाराशी त्याचे फक्त नाव जुळते. आणि वधुक माळ्याचा मुलगा शिवप्रीत, जो स्वतःही माळीच, त्याचेही एक लेणे तिथे आहे.

वैद्य, कारकून, माळी अशी ही माणसे आहेत. त्यांनी दगडावर स्वतःची, बायकोची, लेकींची नावे कोरून घेतली ती प्राकृतात. आपल्या दानाला वरच्या भाषेचा आधार हवा असे त्यांना वाटलेले दिसत नाही. सातवाहनांचे बहुतेक शिलालेखही प्राकृतातच आहेत. परंपरा ज्याला सातवाहनच म्हणते त्या हालाने 'गाथासप्तशती' संकलित केली ती महाराष्ट्री प्राकृतात. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त तर सातवाहन राजाने आपल्या अंतःपुरात प्राकृतच बोलावे असा नियम केल्याची आख्यायिका आहे. म्हणजे एका आख्यायिकेत अंतःपुर प्राकृत बोलते आणि दुसरीत तिथली राणी संस्कृतावरून राजाला हसते.

या विरोधाला इतिहासाचा एक लहानसा दुवा आहे. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक क्षत्रपांच्या घराण्यातली, महाक्षत्रप रुद्राची म्हणजे बहुधा रुद्रदामनाची मुलगी. रुद्रदामन हा गिरनारच्या संस्कृत प्रशस्तीचा राजा, आणि कान्हेरीचा हा लेखही संस्कृतातच आहे. प्राकृत दरबारात संस्कृत घराण्यातली राणी आल्याची ही नोंद दंतकथेतल्या हसणाऱ्या राणीशी जोडण्याचा मोह होतो. पण हे पुराव्याने सिद्ध होणारे नाते नाही. एवढेच म्हणता येईल की, राजाने आपल्या भाषेची लाज बाळगावी ही कल्पना कुड्याच्या माळ्याला विचित्र वाटली असती आणि अकराव्या शतकातल्या संस्कृत कवीला ती सहज वाटली. दंतकथा जिथे लिहिली जाते तिथले हवामान तिच्यात शिरते. रश्दी यांच्या कादंबरीत विसाव्या शतकाच्या अखेरचे हवामान शिरले, त्यात गैर काही नाही.

पैशाची ही भाषा नेमकी कोणाची, यावरही वाद आहेत. ग्रिअर्सन यांनी तिचे नाते वायव्येकडच्या बोलींशी जोडले, स्टेन कोनो यांनी विंध्याच्या परिसराशी. हेमचंद्राच्या व्याकरणात तिचे नियम आहेत. 'बृहत्कथा' मात्र त्या भाषेत उरलेली नाही. पिशाच्च म्हणजे भूतच, असे मानण्याचे कारण नाही. रानात राहणाऱ्या आणि नगराला न कळणारी बोली बोलणाऱ्या माणसांना नगराने दिलेले ते नाव असावे, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि मला ते पटते.

गप्प आणि गप्पा

कादंबरीच्या शेवटी नावांची यादी आहे. ही नावे हिंदुस्तानी शब्दांवरून घेतली आहेत असे सांगून त्यांचे अर्थ दिले आहेत. भारतीय मुलाला ही यादी लागत नाही. बातचीत नावाची राजकन्या, किताब नावाचा सेनापती, गुपी आणि बाघा नावाचे मासे (सत्यजित राय यांच्या १९६९ च्या चित्रपटातून आलेले) भेटले की ते आपोआप हसते. पण मराठी मुलाला यात आणखी एक गंमत मिळते, जी लेखकाच्या मनात नसणार.

गुप म्हणजे गप, बडबड. चुप म्हणजे शांतता. कादंबरीचा सगळा डोलारा या दोन शब्दांच्या विरोधावर उभा आहे. मराठीत मात्र 'गप्पा' म्हणजे बोलणे आणि 'गप्प' म्हणजे न बोलणे. मध्ये फक्त एक काना. आईने 'गप बस' म्हटले की मूल चूप होते आणि पाहुणे आले की तीच आई गप्पा मारायला बसते. मराठी कानाला गुप आणि चुप हे दोन देश वाटत नाहीत, एकाच घरातल्या दोन खोल्या वाटतात.

ही केवळ शब्दांची कोटी नाही. कादंबरीतले सर्वांत सुंदर पात्र मुद्रा हा चुपचा योद्धा आहे. तो हातांच्या मुद्रांनी, अभिनयाने बोलतो. त्याच्या सावलीशी लढण्याच्या प्रसंगात हारूनला जाणवते की अंधारालाही स्वतःचे सौंदर्य आहे आणि शांततेलाही भाषा आहे. गुप आणि चुप एकमेकांचे शत्रू असायलाच हवेत असे नाही, हे तिथे कादंबरी क्षणभर मान्य करते. गुणाढ्याची कथा तर यावरच उभी आहे. त्याचे मौन ही शिक्षा नाही. त्या मौनातच त्याला नवी भाषा ऐकू आली. तिन्ही भाषांत तो बोलत राहिला असता तर पिशाच्चांचे बोलणे त्याच्या कानांवर आले नसते. ऐकायला आधी गप्प बसावे लागते.

वाळलेले मांस

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ : खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग काय?

कादंबरीचे उत्तर उदार आहे. गोष्टी नसतील तर शहर दुःखी होते, सत्ताधीश माजतात आणि माणूस स्वतःचे नाव विसरतो. शेवटी पाऊस पडतो, शहराला आपले नाव आठवते आणि ते 'कहानी' असते. उत्तर खरे आहे, पण ते गोष्ट सांगणाऱ्याच्या बाजूचे आहे. वाचा गेली ती रशीदची, संकट आले ते रशीदवर.

दंतकथेचे उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूचे आहे. राजाने ग्रंथ नाकारल्यावर गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटवले. एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि आगीत टाकायचे. हरणे, डुकरे, रेडे सभोवती स्तब्ध बसून ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्यांनी चरणे सोडले. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी निदान केले की मांस कोरडे आहे, त्यात सत्त्व नाही. स्वयंपाक्यांनी पारध्यांकडे बोट दाखवले. पारध्यांनी सांगितले की रानात कोणीतरी पाने वाचतो आणि जाळतो, जनावरे खायचे विसरली आहेत. तेव्हा कुठे राजा डोंगरावर गेला. सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले होते.

गोष्टीच्या उपयोगाचा इतका रोकडा पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही. राजाला गोष्टीची किंमत कळली ती त्याच्या ताटातून. ज्यांना लिपी नाही, व्याकरण नाही, दरबारात जागा नाही, त्यांनी ऐकले म्हणून ती कळली. शिवाय जे एक लाख उरले ते का उरले, हेही कथा सांगते. नरवाहनदत्ताची कथा शिष्यांना विशेष आवडत होती, म्हणून गुणाढ्याने तेवढी त्यांच्यासाठी बाजूला ठेवली. म्हणजे 'कथासरित्सागर' आपल्यापर्यंत आला तो दोन शिष्यांच्या आवडीवर.

ऐकणाऱ्याला हे स्थान आपल्या श्रावणातल्या कहाण्यांनी आजवर जपले आहे. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणी रस्त्याने जाताना मुक्कामामुक्कामाला उपाशी माणूस शोधते आणि त्याला कहाणी ऐकवते. तिच्याकडच्या सहा मोत्यांतले तीन ऐकणाऱ्याच्या हाती देते. मोळीविक्या ऐकतो, त्याचे भले होते. एक माळी ऐकतो, त्याच्या कोरड्या विहिरीला पाणी लागते आणि मळा पिकू लागतो. ऐकायला वेळ नाही म्हणणारी मात्र आधीच दरिद्री झालेली असते. फळ सांगणारीला मिळते तसे ऐकणाऱ्यालाही मिळते, आणि ऐकणारा मिळाल्याशिवाय सांगणारीला जेवता येत नाही. रश्दी यांनी चंद्राला दिलेले 'कहानी' हे नाव मराठीत 'कहाणी' होताच त्यात ही अट शिरते. त्यांच्या कादंबरीतही माली नावाचा, वेलीफुलांनीच घडलेला, तरंगता माळी आहे. गुंतलेल्या गोष्टींचे धागे सोडवणे हे त्याचे काम. पण तो समुद्राची निगा राखतो. आपल्या कहाणीतला माळी बसून ऐकतो. फरक एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

राखेतून उरलेले

कादंबरीचा शेवट सुखाचा आहे आणि तो सुखाचा का आहे हेही ती लपवत नाही. हारूनला बक्षीस म्हणून सुखान्त मिळतो. असे शेवट दुर्मीळ असतात, म्हणून आता ते कृत्रिमरीत्या तयार करता येतात असे त्याला सांगण्यात येते. सोराया परत येते, समुद्र स्वच्छ होतो, काहीच हरवत नाही. बापापासून दुरावलेल्या मुलाला दिलेली ही भेट आहे हे लक्षात घेतले की त्यावर टीका करवत नाही. पण कुमारवयीन वाचकाला जुन्या दंतकथेतून जे द्यायला हवे त्यातला एक भाग इथे वगळला जातो : काही गोष्टी जळतात आणि परत येत नाहीत.

'बृहत्कथे'च्या बाबतीत तर दंतकथेतला सहा लाखांचा नाशही अपुरा ठरला, कारण उरलेले एक लाखही पैशाचीत टिकले नाहीत. आपल्या हाती आहेत त्या इतर भाषांतल्या आवृत्त्या. काश्मीरमध्ये क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी' आणि सोमदेवाचा 'कथासरित्सागर', नेपाळमध्ये सापडलेला बुधस्वामीचा 'बृहत्कथाश्लोकसंग्रह', तमिळमधली 'पेरुंगदै', आणि जैन परंपरेतली संघदासगणींची 'वसुदेवहिंडी'. ही शेवटची महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या घरची. गोष्टी वाचल्या, त्यांची भाषा गेली. समुद्र राहिला, पण पाणी दुसऱ्याच नद्यांचे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी प्राकृत आणि पाली यांनाही तो मिळाला. त्यासाठीच्या मांडणीत सातवाहनांचा काळ, नाणेघाटाचा लेख आणि 'गाथासप्तशती' यांचा आधार होता आणि तो योग्यच होता. आपण सातवाहनांचे वारस आहोत असे म्हणण्याचा हक्क आपण मिळवला. पण सातवाहनाची ती दुसरी कथाही वारशात येते. संस्कृतासमोर आणि नंतर इंग्रजीसमोर आपण पुष्कळ लाजलो. आता मान वर झाली आहे. अशा वेळी आपल्या खालच्या पायरीवर कोण उभे आहे हे पाहण्याची जबाबदारी आपली आहे.

आमच्या तालुक्यात कातकरी वाड्या आहेत. त्यांची बोली मराठीला जवळची आहे, पण मराठी नाही. गेली काही वर्षे मी त्या वाड्यांवर गोष्टी ऐकायला जातो. सांगणारी म्हातारी मध्येच थांबते, कारण समोरून हुंकार आलेला नसतो. हुंकार आला की गोष्ट पुढे सरकते. तीच गोष्ट तिचा नातू शाळेत सांगू लागला तर दुसऱ्या वाक्याला त्याला 'नीट बोल' असे सांगितले जाते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मुलाने शिकावे अशीच त्याची इच्छा असते. मूल मात्र गप्प होते आणि पुढे वर्षभर 'अबोल' म्हणून ओळखले जाते. चुपवरचा अंधार कसा तयार होतो ते इथे दिसते, आणि कोणी खत्तमशुद लागत नाही.

याच परिसरातल्या, जरा बरी परिस्थिती असलेल्या घरांतली मुले आता इंग्रजीतून अद्भुत कादंबऱ्या वाचतात. ग्रीक देवांची मुले, ड्रॅगन, जादूच्या शाळा आणि अधूनमधून भारतीय पुराणांवर बेतलेल्या कथा त्यांच्या हाती येतात. त्यांनी ते वाचावे. 'हारून'ही वाचावे, कारण भाषेशी इतके आनंदाने खेळणारी कुमारांची पुस्तके थोडी आहेत. फक्त त्या पुस्तकाबरोबर कोणीतरी त्यांना गुणाढ्याची गोष्टही सांगावी, जळालेल्या सहा लाखांसकट. बारा-तेरा वर्षांचे मूल ती पेलू शकते. गोष्ट नाकारणारा नेहमी काळ्या झग्यातच येतो असे नाही, हे त्या वयात कळलेले बरे.

आणि जी पाने अजून आगीत पडलेली नाहीत ती उतरवून घ्यावीत. कातकरी बोलीतल्या गोष्टी जशा सांगितल्या जातात तशाच, शब्द न सुधारता, हुंकारांच्या जागांसकट देवनागरीत लिहिल्या जाव्यात, छापल्या जाव्यात आणि त्या मुलांच्या हाती पडाव्यात. याला ग्रंथालय लागत नाही, अनुदानही फारसे लागत नाही. वही आणि ऐकणारा माणूस लागतो. दिवाळी सरली की यातली बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला निघून जातात. त्यांच्याबरोबर म्हाताऱ्या जातात आणि गोष्टीही जातात. ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा एखादी म्हातारी त्यांच्यात नसते.